डायपर गळत होता, दोष साबणाचा निघाला

कापडी डायपर तासाभरात मांडीकडून गळायचा आणि सकाळी अमोनियाचा वास नाकात जायचा. आतले शोषणारे पॅड तर नवेच! धुऊन वाळवलेल्या पॅडवर चमचाभर पाणी टाकलं; मुरायच्या ऐवजी थेंब होऊन घरंगळलं. म्हणजे धाग्यांवर थर बसलेला: बोअरच्या जड पाण्यात न सुटलेली पावडर, वर कपड्यांच्या कंडिशनरचा मेणचटपणा. कंडिशनर कायमचं बंद केलं. पॅड साबणाशिवाय ६० अंशांच्या गरम पाण्यात खळबळले, फेस थांबेपर्यंत. चार पाणी लागली. शेवटची दोन नळाच्या गोड्या पाण्याची. वॉटरप्रूफ कव्हर मात्र कोमट पाण्यातच, नाहीतर त्याचा आतला वॉटरप्रूफ थर सुटतो. पॅड कडक उन्हात, कव्हर सावलीत. आता पावडर मोजून, आणि शूचे पॅड आधी गार पाण्यात विसळून मगच मशीनमध्ये.