लहान मुलांचा खर्च: विकत घ्यायच्या आधी महिने मोजा

घरात बाळ आलं की खर्च वाढतो हे सगळेच सांगतात, पण नेमका कशावर वाढतो हे कोणी बसून बघत नाही. बघितलं तर कळतं की बाळाच्या खऱ्या गरजा मोजक्याच असतात आणि बराचसा पैसा जातो तो तीन-चार महिन्यांत माळ्यावर जाणाऱ्या वस्तूंवर. म्हणून काहीही घ्यायच्या आधी एकच विचारायचं, हे किती महिने वापरलं जाणार? किमतीला त्या महिन्यांनी भागायचं. दोनदा घालून आखूड होणारा स्वस्त ड्रेस महाग पडतो आणि मूल पाच वर्षं ज्यावर बसणार ती भक्कम खुर्ची स्वस्त पडते. थोडे महिने लागणारी वस्तू मागून आणा नाहीतर सेकंडहँड घ्या, खूप वर्षं लागणारी चांगली बघून एकदाच घ्या, आणि जिथे जिवाशी गाठ आहे तिथे हा हिशोब लावूच नका.

कपड्यांपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त वाया तिथेच जातं. बाळाचं वजन पाचेक महिन्यांत जन्माच्या दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट, आणि उंची पहिल्या वर्षात साधारण ५० सेंटीमीटरवरून ७५ च्या आसपास जाते. म्हणजे वर्षभरात तीन-चार साईझ पार. अगदी नवजात साईझचे तर मोजकेच जोड ठेवा, काही बाळांना ती साईझ जन्मल्यापासूनच बसत नाही. धुणं तसंही रोजच निघतं. जे लोक "काय आणू बाळाला" विचारतात त्यांना लाजायचं नाही, सरळ सांगायचं की पुढची साईझ आणा, नाहीतर सगळे गोड दिसतात म्हणून इवलेसे कपडेच आणतात आणि एकाच साईझचे वीस जोड जमा होतात. लेबलवर लिहिलेल्या वयावर फार जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं वय वेगळं असतं, उंचीचा आकडा दिला असेल तर तो बघा.

वाढत्या अंगाचे घ्या हे मोठ्यांचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाला लांब पायजमा घालू नका, पायात अडकून तोंडावर पडतं. त्यापेक्षा लांबी आत दुमडा. एक साईझ मोठी पँट घ्यायची, खालची जास्तीची लांबी आतल्या बाजूला दुमडायची आणि हाताने लांब लांब कच्चे टाके घालायचे, बाहेर दिसू नयेत म्हणून कापडाच्याच रंगाचा दोरा. मूल वाढलं की दोरा ओढून काढायचा, लांबी सुटते. दुमडीची रेघ दिसते थोडी, तिच्यावर ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली की बरीच जाते, नाही गेली तरी काय मोठं बिघडत नाही. कमरेत आतून काज असलेलं इलॅस्टिक आणि बटण असलेली पँट मिळाली तर तीच उचला, तीच पँट एकाऐवजी दोन वर्षं सहज चालते.

गुडघे फाटणारच आहेत हे धरून चालायचं आणि ठिगळ पँट नवी असतानाच आतून लावून टाकायचं. पाय अरुंद असतो त्यामुळे मशीन आत जात नाही, मग पायाच्या दोन शिवणींपैकी ज्या शिवणीवर वरून दुसरी टीप मारलेली नाही ती गुडघ्याजवळ वीतभर उसवा, कापड सपाट होतं. जुन्या जीन्सचा तुकडा घ्या, कोपरे गोल कापा म्हणजे टोचत नाहीत आणि कोपऱ्यातून निघतही नाहीत, चारी बाजूंनी टीप मारा, मग उसवलेली शिवण परत घाला. अर्ध्या तासाचं काम आहे.

बूट मात्र वाढत्या अंगाचे घ्यायचे नाहीत. मोठ्या बुटात पाऊल आत सरकतं, मूल अडखळतं. आणि मुळात जे बाळ अजून बाहेर चालतच नाही त्याला बूट कशाला, घरात अनवाणी चालणंच पावलांना चांगलं. बाहेर चालायला लागलं की जाड पुठ्ठ्यावर उभं करा, मोजे घालून, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगतं. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत खूण करा, तिच्यात साधारण सव्वा सेंटीमीटर मिळवा आणि तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापा. ही पट्टी खिशात घेऊन दुकानात जायचं, बुटात सपाट बसली तर साईझ बरोबर, वाकली तर छोटा. मुलाला सोबत न्यायची गरज नाही आणि दुकानातला रडारडीचा कार्यक्रमही वाचतो (रुंदीसाठी मात्र घरी घालून बघावं लागतं, म्हणून बदलून मिळेल का ते आधी विचारा). दर दोन-तीन महिन्यांनी पाऊल परत मोजा. दुसऱ्याचे वापरलेले बूट घेताना उलटे करून तळ बघा, एकाच बाजूने झिजले असतील तर नको, बाकी चालतात.

डायपर. सुरुवातीला दिवसाला दहा-बारा लागतात, पुढे कमी होत जातात. सगळं कापडी किंवा सगळं विकतचं अशी शपथ घ्यायची काही गरज नाही, दिवसा घरी असताना कापडी आणि रात्री किंवा बाहेर जाताना विकतचं, एवढ्यानेच महिन्याचा खर्च चांगला खाली येतो आणि आईबापांची झोपही राहते. सेल लागला म्हणून एकाच साईझचे ढीगभर पॅक भरू नका, निम्मे उरतील. कापडी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, कापड पाणी शोषणं बंद करतं आणि मग लोक म्हणतात कापडी गळतात. पिवळे डाग राहिले तर ओले असतानाच कडक उन्हात टाका, जातात. आणि घरी असताना ओले वाईप्स लागत नाहीत, जुन्या टीशर्टचे चौकोन कापून ठेवा, टीशर्टचं कापड विणीचं असल्यामुळे कडेला दोरे निघत नाहीत, शिवायलाही नको. कोमट पाण्यात बुडवायचे, वापरायचे, धुवायचे. बेबी पावडर तर लिस्टमधून काढूनच टाका, ती श्वासातून फुप्फुसात जाऊ शकते म्हणून डॉक्टरच नको म्हणतात.

आता जिथे काटकसर करायचीच नाही ते. बाळ फॉर्म्युला दुधावर असेल तर डबा जास्त दिवस पुरवायला पाणी वाढवू नका, कधीच नाही. पातळ दुधाने पोट भरल्यासारखं वाटतं पण पोषण मिळत नाही, आणि जास्तीच्या पाण्याने रक्तातलं सोडियम खाली जाऊन झटके येऊ शकतात. वाचवायचंच असेल तर स्वस्त ब्रँड चालेल का ते डॉक्टरांना विचारा, पहिल्या वर्षाच्या फॉर्म्युलात किमान काय असावं हे बहुतेक देशांत कायद्याने ठरलेलं असतं, डब्यावरचा टेडी जितका गोंडस तितकं दूध चांगलं असं काही नाही. दुसरं म्हणजे बाटली एकदम मोठी भरू नका, बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभरात संपलं नाही तर ओतून द्यावंच लागतं, म्हणून थोडं थोडं करा. आणि वर्षानंतर "वाढत्या मुलांसाठी" म्हणून जे खास दूध विकतात त्याची निरोगी मुलाला गरज नसते, साधं दूध चालतं. तो खर्च सरळ वाचला.

कार सीट आणि हेल्मेट सेकंडहँड घ्यायचं तर कोणी वापरलंय आणि अपघात झाला नव्हता हे पक्कं माहीत असेल तरच. एकदा जोराचा मार बसला की बाहेरून धड दिसलं तरी आतून कामातून गेलेलं असू शकतं. कार सीटवर एक्स्पायरी डेट असते, तीही बघा. जुना पाळणा-पलंग मिळत असेल तर दोन गजांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, गादी कडक हवी आणि कडेला दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहायला नको, एक बाजू खाली सरकणारे जुने पलंग घेऊच नका. त्यात उशी, बंपर (गजांना आतून बांधायची मऊ गादीसारखी पट्टी), सॉफ्ट टॉय काही ठेवायचं नसतं, बाळ पाठीवर आणि रिकाम्या पलंगात, म्हणजे तो सगळा सुंदर सेटही विकत घ्यायला नको. बाळाचा वॉकर तर फुकट मिळाला तरी नको, त्याने चालणं लवकर येत नाही आणि मुलं जिन्यावरून गडगडतात. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

बाकी सगळं खुशाल मागून आणा. बाथटब, झोळी, पहिल्या महिन्यांचा छोटा पाळणा, स्ट्रोलर, पुस्तकं. मागायला संकोच वाटतो ना, पण समोरच्याच्या घरातही ती वस्तू जागाच अडवत असते.

खाणं. सहा महिने पूर्ण झाले की वरचं सुरू होतं आणि दुकानातल्या छोट्या बरण्यांचा मोह सुरू होतो. घरात जे शिजतंय त्यातलंच मीठ-तिखट घालायच्या आधी बाजूला काढा आणि कुस्करा, मिक्सरमध्ये गंध करायचीही गरज नसते. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, घट्ट झाले की खडे पिशवीत काढून तारीख लिहा, एका वेळी एक-दोन खडे गरम केले की झालं. नवीन पदार्थ मुलाने थुंकला म्हणजे आवडत नाही असं नसतं, आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो तेव्हा कुठे ते खायला लागतं. म्हणून ताटलीत वाटीभर वाढून फेकू नका, एकच चमचा वाढा, नाही खाल्लं तर एक चमचाच वाया गेला, चार दिवसांनी परत एक चमचा. काय वाढायचं आणि कधी हे आपण ठरवायचं, किती खायचं ते मुलावर सोडायचं. यात अन्नही वाचतं आणि "एक घास अजून"ची रोजची भांडणंही. वर्षाच्या आत मध अजिबात नको, द्राक्षं उभी चिरूनच द्या, आणि शेंगदाण्यासारखे अख्खे दाणे लहान मुलांच्या हातात पडू देऊ नका.

खेळण्यांचं सांगते. २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६. चार होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. म्हणजे कमी खेळणी ठेवून आपण कंजूषपणा करतोय असं मनात आणायचं कारण नाही. घरात आहेत त्यांचे तीन-चार भाग करा, एक बाहेर, बाकी कपाटावर, पंधरा दिवसांनी अदलाबदल, तेच जुनं खेळणं बघून मुलं उड्या मारतात. पीठ मळायला बसवणं तर कुठल्याही विकतच्या खेळण्याला भारी आहे: दोन कप मैदा, एक कप मीठ, चमचाभर तेल आणि हळूहळू लागेल तसं पाणी, कपभराच्या आत पुरतं. चिकटलं तर मैदा, फुटलं तर पाण्याचा हात. हवाबंद डब्यात आठवडाभर सहज टिकतं. मीठ भरपूर असल्यामुळे खाऊ मात्र द्यायचं नाही, सगळं तोंडात घालायच्या वयात तर नकोच, आणि घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही लांब. स्वस्त गाणी वाजवणारी खेळणी आणताना बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं का बघा. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, असं झालं तर वाट न बघता हॉस्पिटल.

तीन-चार वर्षांचं मूल दुकानात हट्ट करतं त्यावर माझा उपाय म्हणजे लिस्ट त्याच्याच हातात द्यायची, चित्रं काढलेली. दूध, साबण, केळी. त्याचं काम शोधायचं आणि खूण करायची. हात आणि डोकं कामात असलं की हट्ट निम्म्यावर येतो. बाकीच्या निम्म्यासाठी "पैसे नाहीत" म्हणू नका, पाच मिनिटांनी तुम्ही काउंटरवर पैसे काढताना ते बघणारच आहे. "आज ते लिस्टमध्ये नाही" म्हणायचं आणि त्याच्यासमोर मोबाईलवर त्या खेळण्याचा फोटो काढायचा, वाढदिवसाला या फोटोंतून एक निवडायचं. बहुतेक फोटो आठवड्याभरात ते स्वतःच विसरतं.

वाढदिवसाला मूल जितक्या वर्षांचं तितकेच छोटे पाहुणे, हा नियम लहानपणी फार उपयोगी, तीन वर्षांच्या मुलाला तीस माणसं बघून रडूच येतं. आणि ज्यांची मुलं आपल्या मुलांएवढी आहेत अशा एक-दोन घरांशी तासांची देवाणघेवाण ठरवा, शनिवारी दोन तास त्यांची मुलं आपल्याकडे, पुढच्या शनिवारी आपली त्यांच्याकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तास लिहून ठेवा, नाहीतर एकाच घरावर भार पडतो आणि कोणी बोलत नाही.

आखूड झालेले कपडे कपाटात तसेच दाबून ठेवू नका. महिन्यातून एकदा काढा, धुवून पूर्ण वाळवा, दुधाचे डाग असेच राहिले तर पिवळे पडून पक्के होतात. पुढच्या बाळासाठी ठेवायचे असतील तर साईझप्रमाणे खोक्यात, आणि द्यायचे किंवा विकायचे असतील तर लगेच, कारण इलॅस्टिक नुसतं पडून राहिलं तरी सैल होतं. खोक्यावर साईझ आणि उन्हाळी की थंडीचे ते मोठ्या अक्षरात लिहा, वरच्या बाजूला नाही, समोरच्या, म्हणजे खोकी एकावर एक रचली तरी वाचता येतं.