ॲलॉस्टेरिकचा प्रश्न कसा सोडवायचा, ऊसतोडीच्या टोळीवरून

लातुरात नीटची तयारी करणाऱ्या पोरांना शिकवताना एक चूक दरवर्षी दिसते, इनहिबिटर, म्हणजे एन्झाइमचं (क्रिया जलद करणाऱ्या प्रोटीनचं) काम दाबणारा रेणू, म्हणलं की पोरं त्याला थेट ॲक्टिव्ह साइटवर बसवतात, म्हणजे एन्झाइम आपला कच्चा माल, सबस्ट्रेट, पकडतं त्या जागेवर. ॲलॉस्टेरिकमध्ये तो दुसऱ्याच जागी बसतो. म्हणून आधी ऊसतोडीची टोळी डोळ्यासमोर आणा. कारखान्याच्या यार्डात ऊस लई साचला की मुकादमाला फोन येतो अन् फडातली तोडणी थांबते. कोयत्याची धार तीच, ऊसही समोर उभा, धारेला कुणी हात लावलेला नाही. कोयता म्हणजे ॲक्टिव्ह साइट, मुकादम म्हणजे ॲलॉस्टेरिक साइट, अन् त्याला आलेला फोन म्हणजे तिथं बसणारा रेणू. तिथं रेणू बसला की प्रोटीनचा आकार बदलतो अन् लांबच्या ॲक्टिव्ह साइटची पकड ढिली पडते, ॲक्टिव्हेटर असला तर घट्ट होते.

आता वही घ्या अन् ग्राफ स्वतःच्या हातानं काढा, नुसतं बघून हे डोक्यात बसत नाही. आडवं सबस्ट्रेट, उभा वेग. साध्या एन्झाइमची रेषा सुरुवातीलाच वर उसळते अन् मग सपाट होते, ॲलॉस्टेरिकची बहुतेक वेळा एस अक्षरासारखी, आधी रांगते मग एकदम चढते, कारण एका सबयुनिटला (एन्झाइमच्या एका भागाला) सबस्ट्रेट चिकटला की बाकीच्यांना सोपं जातं. एटीकेज घ्या, पेशीत सीटीपी नावाचा रेणू बनवायच्या मार्गावरचं एन्झाइम, 6 कॅटॅलिटिक (क्रिया करणाऱ्या) अन् 6 रेग्युलेटरी (ताबा ठेवणाऱ्या) साखळ्या. सीटीपी रेग्युलेटरीवर बसतो, रेषा उजवीकडं सरकते, म्हणजे तेवढ्याच वेगाला जास्त सबस्ट्रेट लागतो. एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तिला डावीकडं ओढतो. अन् सीटीपी हाच त्या मार्गाचा शेवटचा माल, म्हणजे यार्ड भरल्याचा फोनच की.

इथंच मार्क जातात बघा: सीटीपी असताना सबस्ट्रेट भरपूर टाकला तर कमाल वेग जवळपास तेवढाच मिळतो, ते बघून पोरं कॉम्पिटिटिव्ह (सबस्ट्रेटचीच जागा अडवणारा) लिहून मोकळी होतात. कमाल वेगावर जाऊ नका, आधी रेषेचा आकार बघा, मग रेणू कुठं बसला ते विचारा.

हे जमलं की फॉस्फोफ्रुक्टोकायनेज करा, ग्लायकोलिसिसमधलं (ग्लुकोज फोडून एटीपी बनवायच्या मार्गातलं) एन्झाइम, लई भारी उदाहरण आहे. त्यात एटीपी सबस्ट्रेट पण आहे अन् जास्त झाला की दुसऱ्या जागी बसून त्याच एन्झाइमला दाबतो पण, म्हणून एटीपी दिसला की आधी विचारायचं, कमी का जास्त? पळताना स्नायूत एटीपी खर्च होतो, एएमपी (एटीपी खर्च झाल्यावर तयार होणारा रेणू) वाढतो, तो हा दाब काढतो अन् ग्लायकोलिसिस पुन्हा जोरात सुरू होते.