रेडवाल्या सर्व्हरवर ओएस टाकताना: कुठलीही एक डिस्क गेली तरी मशीन बूट झालं पाहिजे

रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरायच्या, बहुतेक वेळा एक गेली तरी डेटा वाचावा म्हणून. असं रेड असलेल्या सर्व्हरवर ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, इन्स्टॉल करणं अवघड नाहीये, यूएसबी लावा, नेक्स्ट नेक्स्ट करा, लॉगिन प्रॉम्प्ट येतोच. खरी गंमत पुढे कधीतरी पहिली डिस्क मरते तेव्हा असते, डेटा दुसऱ्या डिस्कवर अगदी शाबूत असतो पण बूटलोडर, म्हणजे ओएस सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, फक्त पहिल्या डिस्कवरच होता, त्यामुळे मशीन उठतच नाही आणि मग लोक म्हणतात रेड करूनही काय उपयोग झाला. म्हणून खालचं सगळं एकच गोष्ट डोक्यात ठेवून लिहिलंय, की इन्स्टॉल संपल्यावर कुठलीही एक डिस्क काढा, मशीन चालू झालंच पाहिजे.

आधी हे बघा की तुमच्याकडे नक्की कुठलं रेड आहे, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. एक म्हणजे हार्डवेअर रेड, वेगळं कार्ड असतं, डेलमध्ये पर्क, एचपीईमध्ये स्मार्ट ॲरे, बाकी बऱ्याच ठिकाणी मेगारेड. दुसरं सॉफ्टवेअर रेड, म्हणजे लिनक्सचा कर्नल, म्हणजे ओएसचा गाभाच करतो, एमडीएडीएम नावाचं टूल वापरून. आणि तिसरं ते बायोसमधलं रेड, ज्याला लोक फेक रेड म्हणतात, बोर्डावरच्या साटा पोर्टांना बायोसमध्ये रेड मोड लावायचा, दिसायला हार्डवेअर वाटतं पण काम सगळं ड्रायव्हर करतो. ओळखायचं कसं, तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करून एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड ओ ऑप्शनने मॉडेलचा कॉलम मागून मारा आणि तो कॉलम बघा. चार डिस्क लावल्यात आणि यादीत एकच मोठी डिस्क दिसतेय, मॉडेलमध्ये पर्क किंवा लॉजिकल व्हॉल्यूम असं काहीतरी लिहिलंय, तर ते हार्डवेअर. चारही वेगवेगळ्या दिसतायत तर सॉफ्टवेअर तरी नाहीतर फेक. आणि कार्ड आहे पण एकही डिस्क दिसत नाही, तर एकतर व्हर्च्युअल डिस्क, म्हणजे कार्ड अनेक डिस्क मिळून ओएसला दाखवतं ती एक डिस्क, अजून बनवलेलीच नाही किंवा ड्रायव्हर नाही, त्यावर खाली येतो.

फेक रेडबद्दल माझं मत स्पष्ट आहे, लिनक्स टाकणार असाल तर वापरू नका, बायोसमध्ये जाऊन मोड एएचसीआय, म्हणजे डिस्क साध्या सुट्या दाखवणारा, करा आणि सरळ एमडीएडीएम वापरा. बोर्ड मेला तरी त्या डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावून वाचता येतात, हा फायदा छोटा नाही. विंडोज सर्व्हर टाकायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे फेक रेडला थोडाफार अर्थ आहे. आणि झेडएफएस, म्हणजे स्वतःच रेड सांभाळणारी फाइल सिस्टीम, वापरणार असाल तर रेड कार्डाला मध्ये येऊ देऊ नका, कार्ड एचबीए मोडमध्ये टाका म्हणजे डिस्क जशाच्या तशा ओएसला दिसतील.

लेव्हल कुठली घ्यायची यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ओएससाठी दोन छोट्या एसएसडी, रेड १, म्हणजे दोन्हीवर तीच कॉपी, विषय संपला. डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवा, तिथे चार डिस्क असतील तर रेड १० (कॉपीच्या जोड्या, त्यांच्यावर डेटा वाटून) घ्या, आणि चारपेक्षा जास्त डिस्क असून जागा जास्त हवी असेल तर रेड ६. रेड ५ मध्ये एका डिस्कची जागा जाते, रेड ६ मध्ये दोन डिस्कची, पण मोठ्या डिस्क असतील तर रीबिल्डला, म्हणजे मेलेल्या डिस्कच्या जागी आलेली नवीन डिस्क भरायला, बराच वेळ लागतो आणि त्या वेळात उरलेल्या सगळ्या डिस्क घासून वाचल्या जातात, तेव्हाच दुसरी डिस्क दगा देते, म्हणून मोठ्या हार्ड डिस्कवर रेड ५ मी तरी करत नाही. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) प्रकारच्या डिस्क स्वस्त मिळतात म्हणून रेडमध्ये घालू नका, रीबिल्डच्या वेळी रडवतात. आणि रेड ० ला रेड म्हणतात एवढंच, एक डिस्क गेली की सगळं गेलं. बॅकअप वेगळा लागतोच, चुकून फाइल उडवली तर रेड ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने उडवतं.

हार्डवेअर कार्ड असेल तर इन्स्टॉलर चालू करायच्या आधी कार्डाच्या सेटअपमध्ये जाऊन व्हर्च्युअल डिस्क बनवायची. जुन्या डेलवर बूट होताना कंट्रोल आर दाबायचं, जुन्या मेगारेडवर कंट्रोल एच, आता यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं बोर्डाचं फर्मवेअर) मोडमध्ये हे सगळं सिस्टीम सेटअपच्या आतच असतं, डेलवर एफ२ दाबून डिव्हाइस सेटिंग्जमध्ये. तिथे डिस्क निवडा, लेव्हल निवडा, स्ट्राइप साइज डिफॉल्ट राहू द्या, फास्ट इनिशिएलाइज करा. नीट बघायची गोष्ट म्हणजे राइट पॉलिसी. राइट बॅक केलं, म्हणजे डेटा आधी कार्डाच्या कॅशमध्ये घेऊन नंतर डिस्कवर लिहिला, की वेग खूप वाढतो, पण ते कार्डावर चालू बॅटरी किंवा फ्लॅश बॅकअप असेल तरच, नाहीतर लाइट गेली की कॅशमधलं अजून डिस्कवर न गेलेलं सगळं गेलं. बॅटरी नसताना राइट बॅक करायचा एक जबरदस्तीचा पर्यायही तिथे असतो, त्याला हात लावू नका. जुनं कार्ड असेल तर बॅटरीचं स्टेटस बघा, बॅटरी थकलेली असली की कार्ड गपचूप राइट थ्रूवर, म्हणजे थेट डिस्कवर लिहिण्यावर, जातं आणि मग लोक सर्व्हर स्लो का झाला म्हणून डेटाबेस तपासत बसतात. शेवटी त्या व्हर्च्युअल डिस्कला बूट डिव्हाइस म्हणून सेट करा, एकापेक्षा जास्त व्हर्च्युअल डिस्क असतील तर हे नक्कीच, नाहीतर इन्स्टॉल व्यवस्थित होऊनही बूट डिव्हाइस सापडत नाही असं येतं.

आता इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही तेव्हा काय. विंडोजमध्ये डिस्क निवडायच्या स्क्रीनवर लोड ड्रायव्हर आहे, कार्डाचा ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर डाउनलोड करून, एक्झी असेल तर आधी उघडून, आतली आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर यूएसबीवर टाकायचं, एक्झी तशीच टाकली तर इन्स्टॉलरला काही कळत नाही. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, पण रेड हॅट कंपनीच्या एंटरप्राइज लिनक्स ८ पासून बऱ्याच जुन्या मेगारेड आणि पर्क कार्डांचा सपोर्ट काढून टाकलाय, त्यामुळे सातवर मस्त चालणारा सर्व्हर आठच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दाखवत नाही. त्यासाठी ईएलरेपो या बाहेरच्या ड्रायव्हर साठ्याची ड्रायव्हर डिस्क मिळते, बूट करताना इन्स्ट डॉट डीडी हा ऑप्शन देऊन लोड करायची. त्याच मशीनवर डेबियन किंवा उबंटू टाकलं तर बऱ्याचदा हा प्रश्नच येत नाही, हेही लक्षात ठेवा.

सॉफ्टवेअर रेडवर जरा सावकाश जाऊ. आधी डिस्कवरचं जुनं सगळं साफ करा. दुसऱ्या सर्व्हरमधून काढलेल्या डिस्क असतील तर त्यांच्यावर जुन्या रेडची खूण, म्हणजे सुपरब्लॉक, राहिलेला असतो आणि इन्स्टॉलर चालू झाला की एमडी१२७ नावाचा एक ॲरे, म्हणजे रेडमधल्या डिस्कचा गट, कुठूनतरी उगवतो आणि त्या डिस्कला हातच लावू देत नाही. तो ॲरे एमडीएडीएमने स्टॉप करा, मग त्याच टूलच्या झीरो सुपरब्लॉक ऑप्शनने खूण पुसा, मग वाइपएफएस कमांडने बाकीच्या खुणा. पण हे करताना एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, ती बूटागणिक बदलू शकतात, डेव्ह डिस्क बाय आयडी या फोल्डरमधली नावं बघा, त्यात सीरियल नंबर असतो, तो डिस्कवरच्या स्टिकरशी जुळवून घ्या.

मग पार्टिशन. दोन्ही डिस्कवर हुबेहूब तेच, जीपीटी प्रकारचं पार्टिशन टेबल, पहिलं छोटं पार्टिशन ईएसपीचं, म्हणजे यूईएफआय बूटलोडर जिथून उचलतं ते, पाचशे एमबी ते एक जीबी, आणि उरलेलं मोठं पार्टिशन रेडसाठी. शेवटी थोडी जागा मोकळी सोडा, काहीशे एमबी पुरे, कारण उद्या बदली म्हणून आणलेली डिस्क दुसऱ्या कंपनीची असली तर तेवढ्याच साइजची म्हणून विकलेली असूनही थोडी लहान निघू शकते आणि मग ती ॲरेमध्ये बसतच नाही. स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा, पण रेडवरच ठेवा, लोक म्हणतात स्वॅपला कशाला रेड, पण स्वॅप असलेली डिस्क चालू मशीनमध्ये मेली तर त्यात गेलेले प्रोसेस धडाधड पडतात.

उबंटू सर्व्हरमध्ये स्टोरेजच्या स्क्रीनवर कस्टम लेआउट घ्या. पहिल्या डिस्कवर यूझ ॲज बूट डिव्हाइस करा, मग दुसऱ्या डिस्कवर जाऊन ॲड ॲज अनदर बूट डिव्हाइस करा, हा दुसरा क्लिक महत्त्वाचा आहे आणि तोच राहून जातो. मग दोन्हीकडे उरलेल्या जागेत पार्टिशन, फॉरमॅटमध्ये लीव्ह अनफॉरमॅटेड, आणि मग क्रिएट सॉफ्टवेअर रेड. एमडी० तयार झाला की त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम आणि रूट, म्हणजे ओएसचं मूळ फोल्डर, माउंट. उबंटूचं ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, दोन्ही ईएसपीवर आपणहून जातं आणि पुढच्या अपडेटलाही दोन्हीकडे अपडेट होतं, हे त्यांनी खरंच चांगलं केलंय.

डेबियनमध्ये मॅन्युअल पार्टिशनिंग घ्यायचं, पार्टिशनला यूझ ॲज मध्ये फिजिकल व्हॉल्यूम फॉर रेड द्यायचं, मग कॉन्फिगर सॉफ्टवेअर रेड, क्रिएट एमडी डिव्हाइस, ॲक्टिव्ह दोन, स्पेअर शून्य. फिनिश केलं की यादीत नवीन रेड डिव्हाइस दिसतो, त्यावर रूट लावा. पण इथे ग्रब एकाच ईएसपीवर जातं, दुसऱ्याचं तुम्हालाच करावं लागतं.

ईएसपीलाच रेड १ मध्ये का टाकत नाही असा प्रश्न पडतो. कारण यूईएफआय फर्मवेअरला एमडी रेड कळत नाही, त्याला साधं फॅट पार्टिशन लागतं. रेडच्या खुणेचा मेटाडेटा १.० हा प्रकार वापरला तर तो पार्टिशनच्या शेवटी असतो म्हणून फर्मवेअरला ते साधं फॅट वाटतं आणि बूट होतं, काही जण असं करतात, पण फर्मवेअरने स्वतः त्यावर काही लिहिलं तर दोन कॉपी वेगळ्या होतात आणि रेडला त्याचा पत्ताच नसतो. मला ते नको वाटतं. त्यापेक्षा दुसऱ्या ईएसपीला फॅट३२ फॉरमॅट करा, पहिल्यावरचं सगळं कॉपी करा, ईएफआयबूटएमजीआर कमांडने दुसऱ्या डिस्कची बूट एंट्री वेगळ्या नावाने घाला, आणि ग्रब इन्स्टॉल रिमूव्हेबल ऑप्शनसह त्या दुसऱ्या ईएसपीवर मारा. रिमूव्हेबलमुळे फाइल ईएफआय बूट या ठरलेल्या फोल्डरमध्ये जाते, म्हणजे मदरबोर्ड बदलला किंवा एंट्री पुसल्या गेल्या तरी फर्मवेअर ती शोधून काढतं. ग्रबचं अपडेट आलं की कॉपी परत करायची, एक छोटी स्क्रिप्ट लिहून टाका.

आणि एक जागा जिथे भलेभले अडकतात, एफएसटॅब, म्हणजे बूट होताना कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं याची फाइल. बूट ईएफआयच्या ओळीत पहिल्या डिस्कच्या ईएसपीचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. ती डिस्क गेली की ग्रब दुसरीकडून उठतं, कर्नल उठतो, रेड एका पायावर उभं राहतं, आणि मग सिस्टमडी, म्हणजे बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम, त्या हरवलेल्या यूयूआयडीची ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. सगळं ठीक असून नेटवर्क नाही, लांबून लॉगिन करायचं एसएसएच नाही. त्या ओळीत नोफेल (नाही सापडलं तरी पुढे जा) लिहा, झालं काम.

पहिल्या बूटनंतर प्रॉक एमडीस्टॅट ही रेडची स्थिती दाखवणारी फाइल बघा. ब्रॅकेटमध्ये दोन यू शेजारी शेजारी दिसले तर दोन्ही डिस्क जागेवर आहेत, एका यूच्या जागी अंडरस्कोर असेल तर एक गायब. सुरुवातीला रीसिंक, म्हणजे दोन्ही डिस्क सारख्या करणं, चालू असतो, तेव्हाही मशीन वापरता येतं, फक्त जरा हळू चालतं. नंतर हाताने डेटाचा वेगळा ॲरे बनवला तर एमडीएडीएम डिटेल स्कॅनच्या ओळी एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये घालून अपडेट इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल नवी करणारी कमांड) मारा, नाहीतर पुढच्या बूटला तो ॲरे परत एमडी१२७ नावाने येणार. त्याच कॉन्फमध्ये मेलॲड्रमध्ये आपला पत्ता टाका आणि मॉनिटर, स्कॅन, वनशॉट, टेस्ट असं देऊन एक टेस्ट मेल खरंच येतो का बघा. हार्डवेअर कार्ड असेल तर कार्डाचं टूल, म्हणजे स्टोरसीएलआय किंवा एसएसएसीएलआय, टाकून ठेवा, कारण तिथे एक डिस्क मेली तरी ओएसला काही कळत नाही, व्हर्च्युअल डिस्क जशीच्या तशी दिसत राहते.

आता खरी परीक्षा, आणि ही सर्व्हरवर काम चालू व्हायच्या आधीच करायची. रीसिंक पूर्ण होऊ द्या. मशीन बंद करा, पहिली डिस्क काढा, चालू करा. उठलं, एसएसएच झालं, एमडीस्टॅटमध्ये अंडरस्कोर दिसला, एमडीएडीएमचा मेल आला, म्हणजे पास. बंद करून डिस्क परत लावा, चालू करून एमडीएडीएमने ॲड करा, बिटमॅप (काय बदललं याची नोंद) असेल तर सिंक पटकन होतो. दोन्ही यू परत येईपर्यंत थांबा, घाई करून लगेच दुसरी डिस्क काढलीत तर हातात अर्धवट सिंक झालेली डिस्क उरेल. मग दुसरी काढून तेच सगळं परत.

पुढे खरोखर डिस्क मेली की नवीन डिस्कवर पार्टिशन टेबल एसजीडिस्क कमांडच्या कॅपिटल आर ऑप्शनने कॉपी करता येतं, पण त्यात ज्या डिस्कवर जायचं तिचं नाव आरला चिकटून आधी आणि जिच्यावरून घ्यायचं ती शेवटी असते, उलटं लिहिलंत तर चांगल्या डिस्कवर रिकामं टेबल बसतं. एंटर मारायच्या आधी दोन्ही सीरियल नंबर वाचून घ्या. मग कॅपिटल जी देऊन नवीन डिस्कचे जीयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदला, पार्टिशन ॲरेमध्ये ॲड करा, आणि रीबिल्ड चालू असताना नवीन डिस्कवरचं ईएसपी फॉरमॅट करून त्यावर ग्रबही टाका, कारण एमडीएडीएम फक्त रेडचं पार्टिशन भरतं, ईएसपी रिकामंच राहतं.