रात्रीची लाईट, वळवाचा पाऊस आणि रेन सेन्सरची जोडणी

वळवाचा पाऊस दुपार कलल्यावर विजांसह येतो, तासाभरात सऱ्या भरतात आणि शेतकरी निश्चिंत मनाने घरी येऊन झोपतो; मात्र रात्री लाईट आली की स्टार्टरला जोडलेला ऑटो (लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच) आपले काम चोख बजावतो आणि आधीच भिजलेल्या उसाला पहाटेपर्यंत पुन्हा पाणी जात राहते. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर पाणी, म्हणजे 10 मिलिमीटरच्या सरीने एकरी 40 हजार लिटर पाणी आयतेच मिळालेले असते. हे दुबार पाणी थांबवण्यासाठी रेन सेन्सर, म्हणजे पाऊस पडला की मोटर किंवा व्हॉल्व्हचा संपर्क तोडणारे छोटे उपकरण, उपयोगी पडतो. तो मृग निघण्यापूर्वी, मे महिन्यातच बसवून घ्यावा, कारण मे-जूनमधील वळीव आणि ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस हेच त्याच्या खऱ्या कामाचे दिवस आहेत. भर पावसाळ्यात मोटर तशीही बंदच असते आणि नदीकाठच्या मोटारी तर पुराआधी वर काढलेल्या असतात.

शेतासाठी पाणी शोषून फुगणाऱ्या चकत्यांचा सेन्सर घ्यावा. पावसाने चकत्या फुगल्या की आतील छोटा स्विच दाबला जाऊन संपर्क तुटतो, त्या वाळल्या की संपर्क पुन्हा जुळतो. किती पावसानंतर संपर्क तुटावा हे बहुतेक सेन्सरवर साधारण 3 ते 25 मिलिमीटरच्या दरम्यान ठरवता येते. पाचटाचे आच्छादन असलेल्या उसात 3 मिलिमीटरची भुरभुर पाचटातच मुरते, त्यामुळे तिथे 6 मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असे आमचे मत आहे. बाजारात स्वस्तात मिळणारी, तांब्याच्या रेघा असलेली 5 व्होल्टची पट्टी प्रयोगापुरती ठीक आहे. तिच्यातून सतत डीसी प्रवाह वाहत राहिला तर ओलाव्यात त्या रेघा गंजून झिजतात. ती वापरायचीच असेल तर वाचन घेण्यापुरताच क्षणभर प्रवाह द्यावा आणि पाणी ओघळून जाईल अशी ती तिरकी बसवावी.

जागेच्या बाबतीत उसाच्या रानात एक चूक हमखास होते. मे महिन्यात बांधावर पाच फुटांच्या खांबावर बसवलेला सेन्सर ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत उसाच्या पाल्यात पार बुडून जातो. मग त्याच्यावर ना पाऊस नीट पडतो, ना ऊन-वारा लागून तो वेळेवर वाळतो. म्हणून सेन्सर मोटर शेडच्या पत्र्याच्या वर, कडेपासून थोडा बाहेर काढलेल्या पाईपवर, उघड्या आभाळाखाली उभा बसवावा. नारळाची झावळी, पत्र्याची वळचण आणि स्प्रिंकलरचा फवारा या तिन्हींपासून तो दूर असावा. उपसा योजनेत मोटर नदीवर आणि रान दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर सेन्सर रानातच हवा, कारण वळीव गावाच्या एका शिवारात पडतो आणि दुसरे शिवार कोरडे राहते. कोल्हापूर जिल्ह्यातील धो-धो पावसाचा गगनबावडा आणि कमी पावसाचा शिरोळ यांच्यातील फरक तर सांगायलाच नको. पाणीपुरवठा संस्थेच्या पाळीवर पाणी घेणाऱ्यांनी मात्र थोडा विचार करावा: सेन्सरने पाणी थांबवले तरी पाळी थांबत नाही.

आता जोडणी. ठिबकचा कंट्रोलर (ठरल्या वेळी पाणी चालू-बंद करणारी पेटी) असेल तर काम सोपे आहे. त्यावर सेन्सरसाठी दिलेल्या दोन टर्मिनलना जोडणारी धातूची पट्टी काढून तिथे सेन्सरच्या दोन वायरी जोडाव्यात. अशी टर्मिनल नसतील तर 24 व्होल्टच्या सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या कॉमन वायरमध्ये सेन्सर ओळीने (सिरीजमध्ये) घालावा, परंतु तेव्हा व्हॉल्व्हचा सारा प्रवाह सेन्सरच्या वायरीतून जातो हे ध्यानात ठेवावे. 0.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 200 मीटर नेली, तर जाऊन-येऊन 400 मीटरचा रोध सुमारे 14 ओहम होतो आणि पाव अँपिअर प्रवाहालाच साडेतीन व्होल्ट वाटेत खर्ची पडतात, 1.5 चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हीच घट सव्वा व्होल्टच्या आत राहते. व्हॉल्व्ह बंद होताना मोटरही बंद झाली पाहिजे, नाहीतर ती बंद पाईपवर दाब देत राहते.

कंट्रोलर नसेल आणि सेन्सरने थेट मोटर थांबवायची असेल, तर खरा धोका इथे आहे. थ्री फेज स्टार्टरची कॉइल बहुतेक वेळा 415 व्होल्टवर चालते आणि सेन्सरचा स्विच 24 व्होल्टसाठी बनवलेला असतो. त्याच्या वायरी स्टार्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये सरळ जोडल्यास भर पावसात, ओल्या पत्र्यावर 415 व्होल्ट नेऊन ठेवल्यासारखे होते. मध्ये 24 व्होल्टच्या कॉइलची रिले, म्हणजे कमी व्होल्टवर चालून जास्त व्होल्टचा संपर्क जोडणारा-तोडणारा स्विच, घालणे अनिवार्य आहे. ट्रान्सफॉर्मरमधून आलेले 24 व्होल्ट सेन्सरमधून रिलेच्या कॉइलला द्यावेत आणि रिलेचा 415 व्होल्ट पेलणारा, कॉइलला प्रवाह मिळाल्यावर जुळणारा संपर्क स्टार्टरच्या स्टॉप बटणाशी ओळीने जोडावा. वायरमनला सांगताना ‘प्रिव्हेंटरचा (एखादा फेज गेला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचा) संपर्क घालतो तसाच’ एवढे म्हटले तरी पुरते. शेडमध्ये न्यूट्रल नसेल तर दोन फेजवर चालणारा 415/24 व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्यावा. अर्थिंगच्या तारेलाच न्यूट्रल समजून तिच्यावर काम भागवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती जीवघेणी आहे, कारण ती तार तुटली किंवा जमीन कोरडी पडली की मोटरच्या आणि स्टार्टरच्या धातूच्या अंगावर वीज उतरते. हे काम परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच पाडून आणि फ्यूज काढूनच करून घ्यावे. आभाळ गडगडू लागले असेल तर त्या दिवशी वायरीला हातच लावू नये.

अशा जोडणीत घुशीने किंवा उंदराने वायर कुरतडली तरी मोटर बंदच राहते. पावसाळ्यात हे सोयीचे असले तरी एप्रिलच्या उन्हात चार दिवस कोणाच्या लक्षात आले नाही तर ऊस सुकतो. म्हणून केबल पाईपमधून न्यावी आणि रिलेच्या संपर्काला समांतर, त्याच व्होल्टचा एक बायपास स्विच शेडमध्ये बसवावा. चकत्या वाळून संपर्क पुन्हा जुळला की ऑटोच्या रचनेनुसार मोटर अचानक सुरू होऊ शकते. त्यामुळे मोटरला किंवा पट्ट्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडलेला असावा.

तपासणीसाठी मोटर चालू ठेवून सेन्सरची वरची दांडी बोटाने दाबावी. स्टार्टर लगेच सुटून मोटर बंद पडली पाहिजे. नंतर तांब्याभर पाणी हळूहळू ओतून चकत्या फुगून संपर्क तुटतो का ते पाहावे आणि त्या वाळायला किती वेळ लागतो याची नोंद ठेवावी. काळ्या रानात वाफसा यायच्या आधीच सेन्सर वाळत असेल, तर त्याच्या अंगावरील हवेच्या झरोक्याची कडी फिरवून झरोके अर्धे झाकावेत.