सल्ला देत देत इंग्रजी मोडल क्रियापदे शिकावीत कशी

मराठीत सल्ला देताना समोरची व्यक्ती कोण आहे हे सर्वनाम आणि क्रियापदाचे रूप मिळून सांगतात. धाकट्या भावाला आपण ‘डॉक्टरकडे जा’ म्हणतो, शेजारच्या काकांना ‘एकदा दाखवून या’ म्हणतो आणि कार्यालयातील वरिष्ठांना ‘आपण एकदा डॉक्टरांना दाखवावे’ असे सुचवतो. इंग्रजीत या तिघांसाठी ‘यू’ हे एकच सर्वनाम आहे आणि क्रियापदालाही आदरार्थी रूप नाही. त्यामुळे मराठीत जे काम ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ करतात, त्यातील बरेचसे इंग्रजीत शुड, कुड, माइट, मस्ट यांसारख्या मोडल क्रियापदांवर येऊन पडते. ‘कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे शक्यता, मस्ट म्हणजे पाहिजेच’ असा तक्ता पाठ करून हे काम उमगत नाही. ते सल्ला देऊ लागल्यावर उमगते, आणि म्हणून या क्रियापदांचा सराव सल्ल्यापासूनच सुरू करावा असे माझे मत आहे.

रचनेचे नियम थोडे आहेत, ते आधी हातावेगळे करावेत. मोडलनंतर क्रियापदाचे मूळ रूप येते आणि कर्ता कोणीही असला तरी मोडल बदलत नाही. म्हणून ‘ही शुड गो’ बरोबर, तर ‘ही शुड गोज’ आणि ‘ही शुड टू गो’ ही दोन्ही वाक्ये चूक. नकारासाठी मोडलपुढे ‘नॉट’ ठेवायचे आणि प्रश्नासाठी मोडल कर्त्याच्या आधी न्यायचे. ‘ऑट’ला मात्र ‘टू’ लागतोच. ‘हॅव टू’ हे अर्थाने याच घरातले असले तरी वागायला साध्या क्रियापदासारखे आहे: ते ‘हॅज टू’ आणि ‘हॅड टू’ होते आणि प्रश्नात किंवा नकारात ‘डू’ची मदत घेते. उच्चाराबाबत एवढे पुरे की शुड, कुड आणि वुड यांतील ‘एल’ उच्चारला जात नाही, ‘मस्टन्ट’मधला पहिला ‘टी’ गिळला जाऊन ‘मसन्ट’ असे ऐकू येते, आणि ‘हॅव टू’ बोलण्यात बहुधा ‘हॅफ टू’ होते.

आता वही घ्यावी आणि एकच अडचण लिहावी: एखाद्याला दोन आठवड्यांपासून खोकला आहे. सल्ल्याचा गाभाही एकच ठेवावा, ‘सी अ डॉक्टर’. बदलायचे आहे ते फक्त त्याच्या आधीचे क्रियापद, आणि प्रत्येक वेळी हे वाक्य आपण कोणाला म्हणू शकू ते शेजारी लिहायचे आहे.

‘यू कुड सी अ डॉक्टर’ यात केवळ एक पर्याय पुढे ठेवला आहे. ‘डॉक्टरांना दाखवता येईल’ इतकाच त्याचा भार आहे. ‘यू माइट वॉन्ट टू सी अ डॉक्टर’ याचा शब्दशः अर्थ लावला तर ते समोरच्याच्या इच्छेविषयीचे अनुमान वाटते, पण प्रत्यक्षात तो अतिशय मऊ शब्दांत दिलेला सल्लाच असतो, आणि आपल्या ‘आपण दाखवावे’ला इंग्रजीत याहून जवळचे काही मला सापडलेले नाही. ‘यू शुड सी अ डॉक्टर’ हे मधल्या पायरीवर आहे: मित्राला चालते, पण अनोळखी किंवा ज्येष्ठ व्यक्तीला नुसते म्हटले तर थोडे शिकवल्यासारखे वाटते. त्याच्या आधी ‘आय थिंक’ किंवा ‘मेबी’ जोडले की ती धार जाते. ‘यू ऑट टू’ अर्थाने शुडच्या शेजारीच बसते. त्यात कर्तव्याची छटा किंचित अधिक असते आणि ते बोलण्यात कमी येते, त्यामुळे ते ओळखता आले तरी सुरुवातीला पुरेसे आहे.

खरी फसगत ‘हॅड बेटर’पाशी होते. आपल्याकडे ‘डॉक्टरांना दाखवलेले बरे’ हे वाक्य काळजीचे आणि सौम्य आहे, आणि ‘बेटर’ दिसताच तेच वाक्य इंग्रजीत गेले असे वाटते. परंतु ‘यू हॅड बेटर सी अ डॉक्टर’ या वाक्याच्या पोटात एक न उच्चारलेले ‘नाहीतर’ दडलेले असते: नाहीतर दुखणे वाढेल, नाहीतर पस्तावशील. आई मुलाला किंवा मित्र मित्राला असे म्हणू शकतो. वरिष्ठांना म्हटल्यास ते ताकीद दिल्यासारखे ऐकू येते. यातील ‘हॅड’ भूतकाळी दिसते, पण अर्थ आत्ताचा किंवा पुढचा असतो, आणि बोलताना ते ‘यूड बेटर’ इतके आखूड होते की कधी कधी ‘हॅड’ ऐकूच येत नाही. नकारार्थी विधानात ‘नॉट’ ‘बेटर’च्या नंतर येतो: ‘यूड बेटर नॉट वेट’.

‘मस्ट’ला दोन चेहरे आहेत. ‘यू मस्ट रीड धिस बुक’ हा स्नेहाचा आग्रह आहे, तर ‘यू मस्ट सबमिट द रिपोर्ट बाय फ्रायडे’ हा हुकूम आहे. लाभ ऐकणाऱ्याचा असेल तेथे मस्ट गोड लागते आणि काम बोलणाऱ्याचे असेल तेथे ते कडक होते, ही कसोटी बहुतेक वेळा उपयोगी पडते.

नकाराकडे आले की मराठी माणसाला विशेष सांभाळावे लागते, कारण ‘हवे’ आणि ‘पाहिजे’ या दोन्हींचा नकार ‘नको’ असा एकच आहे. ‘त्याने हे औषध घ्यायला नको’ या वाक्यातून औषधाची आता आवश्यकता उरली नाही असाही अर्थ निघू शकतो आणि ते घेतल्यास अपाय होईल असाही. कोणता, ते आपण प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र आधीच निवड करावी लागते. ‘ही डोन्ट हॅव टू’ असे चुकून म्हणू नये. योग्य रूप ‘ही डझन्ट हॅव टू टेक धिस मेडिसिन’ असे आहे आणि त्याचा अर्थ गरज नाही, घेतले तरी बिघडणार नाही. ‘ही शुडन्ट टेक इट’ म्हणजे त्याने घेऊ नये. ‘ही मसन्ट टेक इट’ म्हणजे त्याने घेता कामा नये. औषधाच्या बाबतीत पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यातील गोंधळ महागात पडू शकतो. म्हणून ‘नको’ मनात आले की प्रथम मराठीतच ते ‘गरज नाही’, ‘करू नये’ किंवा ‘करता कामा नये’ यांपैकी एकात बदलून घ्यावे आणि मगच इंग्रजीकडे वळावे.

‘तुझ्या जागी मी असतो तर डॉक्टरकडे गेलो असतो’ हा आपला आवडता सल्ला इंग्रजीतही तितकाच प्रिय आहे, पण येथेही एक सापळा आहे. हे मराठी वाक्य आत्ताच्या दुखण्याविषयी चालते आणि मागच्या वर्षीच्या दुखण्याविषयीही चालते. इंग्रजीत आत्ताच्या सल्ल्यासाठी ‘इफ आय वेअर यू, आय वुड सी अ डॉक्टर’ असे म्हणावे लागते. ‘आय वुड हॅव सीन अ डॉक्टर’ म्हटले की वेळ निघून गेली असा अर्थ होतो आणि ऐकणाऱ्याला सल्ल्याऐवजी टीका ऐकू येते.

वेळ खरोखरच निघून गेली असेल तेव्हा ‘शुड हॅव’ वापरावे. ‘तू आधी सांगायला हवे होतेस’ म्हणजे ‘यू शुड हॅव टोल्ड मी अर्लिअर’. ‘सांगायलाच हवे होतेस’ असा जोर द्यायचा म्हणून कोणी येथे ‘मस्ट हॅव’ वापरतो आणि अर्थ पूर्णपणे उलटतो, कारण ‘यू मस्ट हॅव टोल्ड हिम’ म्हणजे ‘तू त्याला सांगितलेच असणार’. ते तर्काचे वाक्य झाले, दोष देण्याचे राहिले नाही. ‘शुड हॅव’ बोलण्यात ‘शुडव्ह’ होते, आणि त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही लिहिताना कधी कधी ‘शुड ऑफ’ असे चुकीचे लिहितात. ते पाहून गोंधळू नये.

रोजचा सराव पंधरा मिनिटांत होतो. झोप न लागणे, परीक्षेची भीती, सतत उशीर होणे, नोकरी बदलावी की नाही, अशांपैकी एक अडचण घ्यावी आणि तीच धाकट्या भावंडाला, मित्राला, शिक्षकांना, वरिष्ठांना आणि नुकत्याच ओळख झालेल्या व्यक्तीला आहे असे मानून पाच वाक्ये मोठ्याने म्हणावीत. जे वाक्य पाचही जणांना सारखेच म्हटले गेले, ते दुरुस्त करावे. दोनतीन दिवसांनी उलट खेळ करावा: सोबत्याने केवळ वाक्य म्हणावे आणि ते कोणाला उद्देशून आहे हे दुसऱ्याने ओळखावे. माझ्या मते या उलट खेळात कान जितका तयार होतो तितका रिकाम्या जागा भरून होत नाही. आठवड्याच्या शेवटी त्याच अडचणींकडे मागे वळून पाहत ‘शुड हॅव’ची वाक्ये करावीत, आणि ती शक्यतो स्वतःविषयी करावीत, म्हणजे ‘आय शुड हॅव स्टार्टेड अर्लिअर’ म्हणताना कोणाला दुखावले जात नाही.

या सरावात ‘सजेस्ट’ आणि ‘अ‍ॅडव्हाइज’ ही क्रियापदे काही काळ बाजूला ठेवावीत. त्यांच्या आधाराने मोडल टाळता येते, आणि शिवाय ‘आय सजेस्ट यू टू गो’ ही चूक जिभेवर बसते. इंग्रजीत ‘आय सजेस्ट दॅट यू गो’ किंवा ‘आय सजेस्ट गोइंग’ असे म्हणतात. सल्ला मागण्याचे वाक्य मात्र पहिल्या दिवसापासून असावे. एकाने ‘व्हॉट शुड आय डू?’ असे विचारावे, दुसऱ्याने नात्याला शोभेल ते मोडल निवडून उत्तर द्यावे, आणि पहिल्याने सल्ला पटला तर ‘यस, आय प्रॉबब्ली शुड’ म्हणावे, न पटला तर ‘आय कुड, बट आय’ड रादर वेट’ असे सांगून मोडलनेच तो परतवावा.