कोकणासमोरील समुद्रातील गॅस हायड्रेट: अभ्यास कसा करावा

कोकण किनाऱ्यावर राहून गॅस हायड्रेटचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम समुद्राच्या खोलीचा नकाशा पाहावा. गॅस हायड्रेट म्हणजे पाण्याच्या बर्फासारख्या स्फटिकजाळीत कोंडलेला मिथेन; तो तसा कोंडून राहण्यासाठी थंडी आणि दाब दोन्ही लागतात, आणि अरबी समुद्रात हा मेळ साधारण 700 ते 800 मीटर खोलीच्या पुढेच बसतो. म्हणून रत्नागिरी-मालवणसमोरची उथळ समुद्रबूड जमीन सोडून थेट खंडान्त उताराकडे, म्हणजे तिच्या कडेपासून खोल समुद्राकडे उतरणाऱ्या तळाकडे, वळावे. तळाचे तापमान आणि गाळात खाली जाताना ते वाढण्याचा दर स्थैर्य-आलेखावर (कोणत्या तापमानाला आणि दाबाला हायड्रेट टिकते हे दाखवणाऱ्या आलेखावर) मांडला, की हायड्रेट कोठवर टिकेल ती खालची मर्यादा मिळते.

त्यानंतर सिस्मिक नोंदींत, म्हणजे तळाखालच्या थरांवरून परतलेल्या ध्वनिलहरींच्या नोंदींत, त्याच खोलीवर बीएसआर (बॉटम सिम्युलेटिंग रिफ्लेक्टर) शोधावा. समुद्रतळाला समांतर जाणारी, गाळाचे थर कापणारी आणि समुद्रतळाच्या परावर्तनाहून उलट ध्रुवतेची ही परावर्तनरेषा बहुधा हायड्रेटखाली साठलेल्या मुक्त वायूमुळे दिसते. मात्र ती केवळ खूण आहे, साठ्याचा पुरावा नव्हे, आणि येथे घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन. 2006 साली ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या खोदकाम-जहाजाने पश्चिम किनाऱ्यासमोरील केरळ-कोकण खोऱ्यात छिद्र घेतले, तेव्हा तेथे चुनखडीयुक्त गाळ मिळाला, हायड्रेट मिळाले नाही. त्याच मोहिमेत पूर्व किनाऱ्यासमोरील समुद्रातल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र शंभर मीटरहून जाड हायड्रेटयुक्त थर सापडला. योग्य दाब आणि थंडी असूनही मिथेनचा पुरेसा पुरवठा नसेल, तर हायड्रेट तयारच होत नाही.

गाळाचा नमुना वर आणताना दाब घटून हायड्रेट विरघळते, म्हणून दाब राखणारे नमुना-नळकांडे वापरावे. साधा नमुना असल्यास तो जहाजावर येताच अवरक्त कॅमेऱ्याने त्यातील थंड पट्टे टिपावेत आणि गाळातील पाण्याचे क्लोराइड मोजावे, कारण विरघळलेले हायड्रेट गोडे पाणी सोडून ते घटवते.

उत्पादनासाठी विहिरीतील पाणी उपसून दाब उतरवणे हा आजवरचा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. एक घनमीटर हायड्रेटमधून सुमारे 160 घनमीटर वायू निघतो, पण जपानने 2013 साली नानकाई द्रोणीत घेतलेली समुद्रातील पहिली चाचणी विहिरीत वाळू शिरल्याने सहा दिवसांतच थांबवावी लागली. त्यामुळे एकूण साठ्याच्या आकड्यावर न भुलता, वायू वाहून आणू शकणारे वाळूचे थर आहेत का आणि ती वाळू विहिरीबाहेर रोखता येईल का, हे आधी तपासावे. चाचणीपूर्वीच समुद्रतळाजवळच्या पाण्यातील मिथेनचे मोजमाप निरनिराळ्या ऋतूंत करून ठेवावे. तसे केले नाही, तर पुढे दिसणारी गळती नैसर्गिक की विहिरीमुळे झालेली, हे ठरवता येणार नाही.