शेवग्याच्या कॅप्सूल आणि ‘शुगरवर रामबाण’: लिस्टिंग लिहिताना या चुका टाळा

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंची शेवग्याच्या पाल्याच्या कॅप्सूलची लिस्टिंग, म्हणजे ऑनलाइन बाजारातलं विक्रीचं पान, अचानक बंद झाली. शीर्षकात लिहिलं होतं, ‘शुगर, बीपी, गुडघेदुखीवर रामबाण’. विचारलं तर म्हणाल्या, “गिऱ्हाईक तेच विचारतंय ओ, म्हणून लिवलं.” मला ते कळतं. बेळगावच्या खडेबाजारात गल्ल्यावर बसून आपण असंच बोलतो. पण ऑनलाइन पानावर तेच वाक्य जाहिरात ठरतं. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, उंची वाढवणं ही नावं 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीतच आहेत. शिवाय 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे.

पहिली चूक इथेच होते: क्रियापद मऊ केलं की भागेल असं वाटतं. ‘बरी होते’ काढून ‘कमी व्हायला मदत’ लिहिलं, तरी आजाराचं नाव तिथेच राहतं, आणि अडचण त्या नावाची आहे. ‘डॉक्टरांनी सुचवलेलं’ हेही काढा.

ताईंचं शीर्षक मी बदललं, वर्णन नव्याने लिहिलं, तरी लिस्टिंग पुन्हा नाकारली गेली. दोन संध्याकाळी शोधत बसलो. शेवटी चौथा फोटो मोठा करून पाहिला. बाटलीच्या मागे जत्रेतल्या स्टॉलचं जुनं पत्रक टेकवलेलं होतं आणि त्यावर बारीक अक्षरांत ‘डायबेटिस’! तो फोटो बदलून टाकला. मग गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या रकान्यात ‘शुगरची गोळी’ सापडलं. म्हणून लिस्टिंग अडली की शीर्षक, मुद्दे, प्रत्येक फोटो, शोधशब्द आणि प्रश्नोत्तरांत तुम्ही स्वतः दिलेली उत्तरं, सगळं त्याच क्रमाने तपासा. घाईने नवी लिस्टिंग उघडून तोच माल पुन्हा चढवू नका. त्याने खातंच अडचणीत येतं.

आपल्या सीमाभागातली खास चूक म्हणजे मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिलेलं कोण वाचणार, असा भरवसा. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. त्याबरोबर मराठी, कन्नड जरूर घाला, पण इंग्रजीत नसलेला दावा तिथे घुसवू नका. आणि लेबलवर नाही ते पानावरही नको. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांना हेच बजावलं आहे.

‘आयुर्वेदिक’ हा शब्द जपून वापरा. आयुषच्या, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या सरकारी खात्याच्या, परवान्याचं चूर्ण हे औषध आणि अन्न परवान्याची कॅप्सूल हे पूरक अन्न. ऑनलाइन बाजारात दोन्हींचे विक्रीचे विभाग वेगळे आणि कागदही वेगळे. परवाना एकाचा आणि विभाग दुसऱ्याचा निवडला की माल अडकतो.

लेबलचे फोटो टाकताना चारही बाजू द्या. 14 अंकी परवाना क्रमांक, ‘हेल्थ सप्लिमेंट’, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, रोजचं प्रमाण, ‘ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नये’ आणि ‘मुलांच्या हाती लागू देऊ नये’ या ओळी स्पष्ट वाचता आल्या पाहिजेत. झूम केल्यावर फुटणारा फोटो उपयोगाचा नाही.

ताईंचं शीर्षक आता ‘शेवगा पाला पावडर कॅप्सूल, 60 नग’ असं आहे. एका कॅप्सूलमध्ये पाला किती मिलिग्रॅम, हे पहिल्याच मुद्द्यात लिहिलंय. “शुगरला चालतंय काय?” हा प्रश्न अजून येतोच. घरातल्या कुणीतरी ऐकीव गोष्टीवर शुगरच्या गोळ्या बंद केल्या तर काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून उत्तर आम्ही दोघांनी बसून ठरवलं: “हे औषध नाही. तुमच्या गोळ्या बंद करू नका. आणि हे सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.”